एका सर्बियन स्ट्रायकरची कागदपत्रे

आखातातल्या एका देशात, दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या एका फुटबॉल क्लबच्या कार्यालयात मी सात वर्षे खेळाडूंच्या नोंदणीचे काम पाहत होतो. त्या क्लबचे नाव मी येथे देत नाही, देशाचेही देत नाही. आणि ज्याच्याविषयी हे लिहीत आहे त्या खेळाडूचे नाव न लिहिण्याचा शब्द मी त्यालाच दिलेला आहे. तो सर्बियाचा, जागा सेंटर फॉरवर्डची, म्हणजे गोल करणाऱ्या स्ट्रायकरची, पाठीवर नऊ नंबर. सर्बियन भाषेत अशा खेळाडूला नुसते ‘देवेत्का’ म्हणतात, म्हणजे आपल्या बोलीत ‘नऊवाला’. तेव्हा येथेही मी त्याला नऊवालाच म्हणतो. जानेवारी २०१९ मध्ये तो आमच्याकडे आला तेव्हा एकतीस वर्षांचा होता आणि आमचा क्लब हा त्याचा तेरावा क्लब होता.

मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून तालमींचे सामने पाहत लहानाचा मोठा झालो, त्यामुळे फुटबॉल मला नवा नव्हता. परंतु फुटबॉलपटूच्या आयुष्यात चेंडूच्या बरोबरीने कागद असतो, आणि फिरतीवर असलेल्या खेळाडूच्या बाबतीत तर कागदच पुढे असतो, हे मला आखातात आल्यावर कळले. नऊवाल्याच्या येण्यापासून त्याचे थकलेले पैसे त्याच्या खात्यात पडेपर्यंत पावणेदोन वर्षे गेली. त्यातला बराच भाग मी जवळून पाहिला आणि थोडा माझ्या हातून झाला, म्हणून तो नीट लिहून ठेवावासा वाटला.

एका देशातून दुसऱ्या देशात खेळायला जाणाऱ्या व्यावसायिक खेळाडूची नोंदणी फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या ‘ट्रान्स्फर मॅचिंग सिस्टिम’ या संगणक प्रणालीतून करावी लागते. ऑक्टोबर २०१० पासून ती सक्तीची आहे. क्लबने आपल्या बाजूची सगळी माहिती त्या प्रणालीत भरायची, करार चढवायचा, पासपोर्ट चढवायचा, खेळाडूच्या आर्थिक हक्कांत तिसऱ्या कोणाचा वाटा नाही असे सहीचे निवेदन चढवायचे, कारण तसा वाटा ठेवण्यावर मे २०१५ पासून बंदी आहे. आणि खेळाडू मोकळा असेल तर त्याचा आधीचा करार कोणत्या तारखेला संपला याचा पुरावा जोडायचा. त्यानंतर आपल्या देशाचा फुटबॉल महासंघ आधीच्या देशाच्या महासंघाकडे आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र मागतो. ते आले की नोंदणी होते. हे सगळे ट्रान्स्फर विंडो, म्हणजे नवे खेळाडू नोंदवण्याची ठरलेली मुदत, उघडी असेपर्यंत मागितले गेले पाहिजे. बाहेरून पाहणाऱ्याला हे कारकुनी काम वाटेल, पण एका चुकलेल्या तारखेमुळे धडधाकट खेळाडू सहा महिने बाकावरसुद्धा बसू शकत नाही, तो नुसता सरावाला येतो आणि घरी जातो, हे मी दोनदा पाहिले होते.

नऊवाला आला तेव्हा विंडो बंद होण्यास तीन दिवस उरले होते. आधीच्या कराराचा पुरावा ही अशा वेळी हमखास अडणारी गोष्ट असते. खेळाडू एजंटला फोन करतो, एजंट जुन्या क्लबला निरोप धाडतो, तिकडे सुट्टी असते, आणि शेवटी कोणीतरी मोबाइलवर काढलेला, अर्धे पान कापलेला फोटो पाठवून देतो. मी त्याच तयारीने बसलो होतो. त्याने बुटांच्या पिशवीतून एक निळी फाईल काढली. आत प्लॅस्टिकची पाकिटे होती, एका क्लबला एक पाकीट, आणि प्रत्येक पाकिटात करार, करार संपल्याचे किंवा मोडल्याचे पत्र, हस्तांतर प्रमाणपत्राची प्रत, वैद्यकीय अहवाल आणि शेवटच्या पगाराची बँकेची नोंद याच क्रमाने लावलेली होती. प्रत्येक पाकिटावर कोपऱ्यात पेन्सिलीने एक तारीख होती. ती कसली, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “त्या क्लबने शेवटचा पगार ज्या दिवशी दिला तो दिवस.” दोन पाकिटांवर तारखेच्या जागी नुसती रेघ होती.

त्याच्याकडून मी पहिला शब्द शिकलो तो ‘चिस्ती पापिरी’, म्हणजे स्वच्छ कागद. ज्या खेळाडूवर कोणत्याही क्लबचा हक्क उरलेला नाही, ज्याला उद्या सकाळी कोठेही सही करता येते, त्याचे कागद स्वच्छ. सर्बियन खेळाडूंच्या तोंडी हा शब्द सारखा असतो. आमच्या क्लबसारख्या क्लबांना ट्रान्स्फरची रक्कम, म्हणजे करारात असलेल्या खेळाडूसाठी त्याच्या क्लबला द्यायचे पैसे, मोजणे परवडत नाही, ते फक्त पगार देऊ शकतात; म्हणून स्वच्छ कागद हीच फिरस्त्या स्ट्रायकरची खरी पत असते. गेल्या वर्षी किती गोल केले हे त्यानंतर विचारले जाते.

नोंदणीच्या वेळी प्लेअर पासपोर्ट नावाचा एक कागद येतो. खेळाडू बाराव्या वाढदिवसाच्या हंगामापासून कोणकोणत्या क्लबांत नोंदलेला होता याची ती यादी असते. तिला महत्त्व आहे ते पैशामुळे: खेळाडूचा करार चालू असताना तो विकला गेला तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटायचे असतात, पहिल्या चार वर्षांसाठी दरवर्षी पाव टक्का आणि पुढच्या आठ वर्षांसाठी दरवर्षी अर्धा टक्का. नऊवाल्याच्या यादीत पंधरा ओळी होत्या. लहानपणीचे दोन क्लब, मग सर्बियातले चार, नंतर बॉस्निया, माल्टा, पुन्हा सर्बिया, कझाकस्तान, थायलंड, आणि पुढे आग्नेय आशियातलेच आणखी काही. बहुतेक मुक्काम एका हंगामाचे, काही अर्ध्या हंगामाचे. अर्ध्या हंगामाला त्यांच्याकडे ‘पोलुसेझोना’ म्हणतात आणि तो आपले आयुष्य त्याच मापाने मोजत असे. मुलगी कधी जन्मली असे विचारले तर “कझाकस्तानची दुसरी पोलुसेझोना” असे उत्तर येई.

यादीतली पहिली ओळ १९९९ ची होती. तो डॅन्यूबच्या दक्षिण तीरावरच्या स्रेम्स्का कामेनित्सा या गावचा. समोरच्या तीरावर नोवी साद, तेथे त्याचा मुलांचा संघ सराव करत असे. त्या वर्षी २४ मार्चला नाटोचे हवाई हल्ले सुरू झाले आणि ते ७८ दिवस चालले. नोवी सादचे तिन्ही पूल एप्रिलमध्येच पडले. त्याच्या गावाला शहराशी जोडणारा स्लोबोदा पूल ३ एप्रिलला गेला. लीगचा हंगाम अर्धवट थांबवून पार्टिझान बेलग्रेडला विजेते घोषित करण्यात आले. युद्ध थांबल्यावर माणसे तराफ्यासारख्या फेरीतून नदी ओलांडत, आणि हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा बुटांची पिशवी डोक्यावर धरून सरावाला त्याच फेरीतून जाई. त्याचे मला सांगणे साधे होते. “तेव्हापासून सवयच लागली,” तो म्हणाला, “फुटबॉल म्हणजे पलीकडे जायचे.”

सर्बियासारख्या सत्तर लाखांच्या आतल्या देशातून इतके स्ट्रायकर जगभर कसे पसरतात, हा प्रश्न मला त्या काळात फार पडत असे. युगोस्लाव्हियाच्या काळात खेळाडूला अठ्ठावीस वर्षांचा होईपर्यंत परदेशी क्लबात जाण्याची मुभा नव्हती, म्हणून बेलग्रेडच्या रेड स्टार आणि पार्टिझान या क्लबांचे संघ घरच्या घरी भरलेले राहत. मग देश फुटला, १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आले, युरो स्पर्धेच्या तोंडावर संघाला बाहेर काढून त्या जागी डेन्मार्कला बोलावले गेले, आणि घरच्या क्लबांची तिजोरी रिकामी झाली. तेव्हापासून तेथले क्लब खेळाडू घडवून विकतात आणि त्या पैशावर पुढचा हंगाम काढतात. वरच्या थरातली नावे सगळ्यांना माहीत आहेत: युरो २००० मध्ये पाच गोल करून नेदरलँड्सच्या क्लायव्हर्टबरोबर अव्वल ठरलेला सावो मिलोशेविच, दोन मीटरहून उंच असलेला निकोला झिगिच, इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत, २०२१-२२ च्या चॅम्पियनशिपमध्ये, फुलहॅमसाठी ४३ गोल करणारा अलेक्सांदर मित्रोविच. त्यांच्या खाली, ज्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत असे कित्येक जण प्रत्येक जानेवारीत आणि प्रत्येक जुलैमध्ये विमानतळावर असतात. करार संपलेल्या खेळाडूला मोकळे करणाऱ्या युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बोस्मन निकालानंतर युरोपीय संघाच्या (ईयू) सदस्य देशांतले खेळाडू तिकडे मोकळे फिरू लागले, पण सर्बिया ईयूमध्ये नाही. सर्बियन खेळाडू तेथे परदेशीच धरला जातो. म्हणून मधल्या दर्जाच्या सर्बियन स्ट्रायकरची वाट पूर्वेकडे वळते.

आणि स्ट्रायकरच का, याचेही कारण आहे. आशियात तेव्हा पुष्कळ ठिकाणी क्लबला तीन परदेशी अधिक एक आशियाई देशातला खेळाडू घेता येईल असा नियम होता. ज्या क्लबला तीनच जागा भरायच्या आहेत तो त्यातली एक गोल करणाऱ्याला देणारच, कारण मधल्या फळीत स्थानिक मुले धावून काम भागवतात, पण गोलसमोर थंड डोक्याने उभा राहणारा माणूस सहज मिळत नाही. ही सोय आहे आणि हाच काच आहे. स्थानिक खेळाडूला वाईट महिना माफ असतो. परदेशी जागा अडवून बसलेल्याला नसतो. चार सामने गोल झाला नाही की मालकाच्या दिवाणखान्यात दुसऱ्या कोणाच्या तरी चित्रफिती सुरू होतात.

नऊवाल्याला आपल्या या बिरादरीचा इतिहास पाठ होता. चेल्सी आणि पीएसजी असे युरोपातले मोठे क्लब पाहून आलेला मातेया केझमान शेवटी हाँगकाँगच्या साउथ चायना क्लबात आणि मग बेलारूसच्या बाटेमध्ये खेळला, हे तो मोठ्या आदराने सांगत असे, कारण त्यात त्याला खेळण्याची भूक दिसे. त्याहून आदर होता तो बॉस्नियातल्या दोबोयच्या अलेक्सांदर ज्युरिचविषयी. हा माणूस १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये बॉस्नियाकडून होडी वल्हवायला उतरला, नंतर फुटबॉल खेळत सिंगापूरला पोहोचला, २००७ मध्ये तेथला नागरिक झाला आणि सदतीस वर्षांचा असताना सिंगापूरच्या राष्ट्रीय संघातून खेळू लागला. “एकच गाव सापडले तर बरे,” नऊवाला म्हणे. त्याला ते सापडले नव्हते.

करारावर सही करण्याआधी त्याने एक गोष्ट हट्टाने करून घेतली. आमच्या साहेबांचे म्हणणे होते की आधी सही व्हावी आणि वैद्यकीय तपासणीत काही निघाले तर करार रद्द समजावा. त्याने शांतपणे सांगितले की फिफाच्या नियमाप्रमाणे कराराची वैधता वैद्यकीय तपासणीवर किंवा कामाच्या परवान्यावर अवलंबून ठेवता येत नाही. तेव्हा आधी तपासा, पसंत पडलो तर सही करा. हृदयाचा आलेख, इको, छातीचा एक्स-रे, गुडघ्यांचा एमआरआय हे सगळे दीड दिवसात झाले. उजव्या गुडघ्याच्या कूर्चेवर शस्त्रक्रिया झालेली होती आणि ती त्याने आपणहून आधीच सांगितली होती. सकाळच्या वेळी तो आमच्या कार्यालयाचा जिना आडवा उतरत असे, एक हात कठड्यावर ठेवून, आधी डावा पाय. संध्याकाळी तोच माणूस दिव्यांच्या उजेडात वीस-बावीस वर्षांच्या बचावपटूंना मागे टाकत असे.

त्याचे खेळणे मी जाणत्या नजरेने पाहिले, एवढे कोल्हापूरकराला म्हणता येईल. पहिल्या सरावाच्या आदल्या दिवशी त्याने माझ्याकडे दोनच गोष्टी मागितल्या: आमच्या दोन्ही विंगरची नावे आणि ते कोणत्या पायाचे आहेत. नव्या संघात पहिले दोन आठवडे स्ट्रायकरला कोणी चेंडू देत नाही, कारण कोणाचाच त्याच्यावर विश्वास बसलेला नसतो, असे तो म्हणे. म्हणून त्याला ज्याच्याकडून चेंडू यायचा त्याच्याशी आधी ओळख करायची असते. सराव सुरू होण्यापूर्वी तो एकटा पेनल्टी क्षेत्रात गेला, पाठीमागे हात बांधून गोलरेषेपासून पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंत चालला, मग जवळच्या खांबापासून सहा यार्डांच्या रेषेच्या कोपऱ्यापर्यंत, आणि हे त्याने तीन वेळा केले. प्रत्येक मैदानात माप तेच असते, मग चालून काय पाहतोस, असे मी नंतर विचारले. माप तेच असते, पण खांब वेगळा दिसतो, असे तो म्हणाला. मागे भिंत आहे, झाडे आहेत की मोकळे आकाश आहे, यावर डोळ्याच्या कोपऱ्यातला अंदाज बदलतो आणि डोक्याने चेंडू मारताना गोलाकडे पाहायला वेळ नसतो. अकरा सामन्यांत त्याने सहा गोल केले. त्यातले चार जवळच्या खांबापाशी, बचावपटूच्या पाठीमागून निघून अर्धे पाऊल आधी पोहोचून केलेले होते. गोल झाल्यावर तो फार नाचत नसे. चेंडू देणाऱ्या मुलाकडे धावत जाई आणि त्याचे डोके दोन्ही हातांत धरी. त्या मुलांनी मार्चपर्यंत दुसऱ्या कोणाला चेंडू देणेच सोडले होते.

जानेवारीचा आणि फेब्रुवारीचा पगार आला. मार्चचा आला नाही. आमच्या क्लबला पैसा देणारी एक व्यक्ती होती आणि त्या व्यक्तीचे लक्ष दुसरीकडे गेले होते, एवढेच मला ठाऊक होते. महिन्याच्या शेवटी खेळाडूंना “पुढच्या आठवड्यात” असे सांगण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी ते केले. याची मला आजही लाज वाटते. स्थानिक मुले घरी राहत होती, त्यांचे भागत होते. नऊवाल्याच्या पगारावर नोवी सादमधले घर, आईची औषधे आणि मुलीची शाळा चालत होती. तो रागावला नाही. दर सोमवारी कार्यालयात येई, स्वतःच्या छोट्या तांब्याच्या जेझ्वेत कॉफी करी, मला देई आणि विचारी, “ब्राते, आज तारीख किती?” ब्राते म्हणजे भाऊ. मी तारीख सांगितली की ती तो वहीत लिही आणि सरावाला जाई.

हे त्याच्या एकट्याच्या वाट्याला आलेले नव्हते. फिफप्रो या खेळाडूंच्या जागतिक संघटनेने २०१६ मध्ये सुमारे १४,००० व्यावसायिक खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात ४१ टक्के खेळाडूंना मागच्या दोन हंगामांत पगार उशिरा मिळाल्याचे आढळले होते. कोट्यवधींच्या करारांच्या बातम्या वाचणाऱ्याला हा आकडा खरा वाटत नाही. मला तो वाचण्याआधीच खरा वाटू लागला होता.

एप्रिलही कोरडा गेला. दोन महिन्यांचे वेतन थकले, आणि येथे कागदाचे काम सुरू झाले. जून २०१८ मध्ये फिफाच्या नियमावलीत एक नवे कलम आले होते: क्लबने किमान दोन महिन्यांचे वेतन देय तारखेला दिले नाही, तर खेळाडूने लेखी नोटीस द्यावी, किमान पंधरा दिवसांची मुदत द्यावी, आणि तेवढ्यात पैसे आले नाहीत तर त्याला योग्य कारणाने करार मोडता येतो. नऊवाल्याला हे कलम माझ्याआधी माहीत होते. रमजान सुरू झाला त्या दिवशी, ६ मे रोजी, त्याने नोटीस दिली. सर्बियातल्या खेळाडूंच्या संघटनेच्या वकिलाने ती लिहून पाठवली होती आणि ती स्वीकारून पोहोच देणे हे माझे काम होते. मी पोहोच दिली, तारीख आणि वेळ दोन्ही घातली.

मुदत संपायच्या आठवड्यात साहेबांनी मला एक कागद दिला. त्यावर नऊवाल्याची सही घ्यायची होती आणि त्यानंतर त्याला परतीचे तिकीट मिळणार होते. कागदावर दोन स्तंभ होते, डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे अरबी. इंग्रजीत लिहिले होते की जानेवारी आणि फेब्रुवारीचे वेतन मिळाले. सात वर्षांत मी अरबी बोट फिरवत का होईना, वाचायला शिकलो होतो. अरबीत लिहिले होते की आजपर्यंतचे सर्व येणे मिळाले असून क्लबकडे कोणतीही मागणी उरलेली नाही. खाली दोन्ही भाषांत एक ओळ होती: दोन मजकुरांत तफावत आढळल्यास अरबी ग्राह्य.

मी तो कागद घेऊन खाली गेलो. तो मैदानाकडेच्या बाकावर बसून घोट्याची पट्टी सोडत होता. मी कागद त्याच्यासमोर धरला आणि उजवा स्तंभ ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचून दाखवला, एकेका शब्दाचा अर्थ सांगितला. त्याने पूर्ण ऐकून घेतले. मग विचारले, “हे मला सांगितल्यावर तुझे काय होईल?” माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याने सही केली नाही. कागद मी परत नेला आणि खेळाडूला मजकूर समजावून सांगितला, तो सही करायला तयार नाही, असे साहेबांना खरे तेच सांगितले. जूनमध्ये माझा करार संपत होता. तो वाढवला गेला नाही. परतीचे तिकीट त्याने स्वतःच्या पैशाने काढले.

क्लबच्या दप्तरातला एकही कागद मी त्याच्यासाठी बाहेर नेला नाही, हे येथे स्पष्ट लिहिणे मला गरजेचे वाटते. तशी वेळच आली नाही. जे लागत होते ते सगळे निळ्या फायलीत होते: दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार, दोन महिन्यांच्या बँकेच्या नोंदी, नोटिशीची पोहोच, करार मोडल्याचे २२ मेचे पत्र, आणि तारखांची वही. मी नोकरी सुटल्यावर केले ते इतकेच, की अरबी मजकुरांचे इंग्रजी भाषांतर कोठून करून घ्यावे ते सांगितले आणि कोणता कागद कशाला जोडायचा हे दोन रात्री फोनवर त्याच्याबरोबर बसून लावले. फिफापुढे तेव्हा कागद इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश किंवा जर्मन भाषेतच चालत. जुलै २०१९ मध्ये त्याची तक्रार ज्युरिखला फिफाच्या वाद निवारण मंडळाकडे गेली. खेळाडू आणि क्लब यांच्या अशा वादात तेथे शुल्क पडत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. शुल्क असते तर तो बहुधा गप्प बसला असता.

त्यानंतर वाट पाहणे. ऑगस्टमध्ये तो बॉस्नियातल्या एका क्लबात गेला, पगार आमच्यापेक्षा पुष्कळ कमी. त्यातही हिशेब होता: करार मोडल्याची भरपाई ठरवताना उरलेल्या कराराच्या रकमेतून नव्या क्लबचे वेतन वजा होते, आणि पगार थकल्यामुळे करार मोडला असेल तर वर तीन महिन्यांचे वेतन जादा भरपाई म्हणून धरता येते. मी तेव्हा एका मालवाहतुकीच्या कंपनीत हिशेबनीस म्हणून लागलो होतो. महिन्यातून एकदा त्याचा फोन येई, आणि दर वेळी तो माझ्या ग्रॅच्युइटीचे काय झाले हे आधी विचारी. ती मला त्याच क्लबकडून यायची होती आणि तिच्यासाठी ज्युरिख नव्हते, तेथले कामगार कार्यालय होते. “तुझी नोटीस दिलीस का? पोहोच घेतलीस का?” असे तो बजावी. त्याच्या सांगण्यावरून मी नोटीस दिली, पोहोच घेतली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये माझे पैसे दोन हप्त्यांत मिळाले. त्यानंतर महिन्याभरात करोनामुळे जगभरच्या बहुतेक लीग बंद पडल्या. बॉस्नियाचा हंगामही मैदानावर पुरा झाला नाही, आणि बत्तिसाव्या वर्षी तो घराच्या अंगणात एकट्याने भिंतीवर चेंडू मारत बसला.

निकाल ऑगस्ट २०२० मध्ये आला. थकलेले वेतन, त्यावर दरसाल पाच टक्के व्याज, आणि करार मोडल्याची भरपाई. निकालात आणखी एक ओळ होती, आणि खरे वजन त्या ओळीत होते: ४५ दिवसांत रक्कम दिली नाही तर ती देईपर्यंत, जास्तीत जास्त तीन विंडोंपर्यंत, क्लबला नवे खेळाडू नोंदवता येणार नाहीत. ज्या क्लबला माणसाची अडचण दिसत नाही त्याला विंडो दिसते. पंचेचाळीस दिवस भरायला पाच दिवस उरले असताना पैसे त्याच्या खात्यात आले. त्याने मला एक फोटो पाठवला. आमच्या क्लबच्या पाकिटावर कोपऱ्यात पेन्सिलीची रेघ होती; ती खोडून त्याने तारीख लिहिली होती.

डिसेंबर २०२२ मध्ये मी नोवी सादला गेलो. भारतीयांना तेव्हा सर्बियात तीस दिवस व्हिसाशिवाय जाता येत असे. ती सवलत त्या वर्षाअखेर संपणार होती, म्हणून त्याने आग्रहाने बोलावले. १९ डिसेंबर हा संत निकोलाचा दिवस, त्याच्या घराण्याची ‘स्लावा’, म्हणजे कुलदैवताचा उत्सव म्हणावा तसा. स्लावाला पाहुण्यांना आमंत्रण देत नाहीत, ज्याला आठवण आहे तो येतो. दारात शिरताच उकडून वाटलेल्या गव्हाचा, अक्रोड आणि साखर घातलेला एक चमचा हातात ठेवतात. तो खाऊन मग बसायचे. नाताळपूर्वीचा उपास चालू असल्यामुळे मांस नव्हते, दूधही नव्हते. मासे, भाजलेल्या घेवड्याचे मोठे मातीचे भांडे आणि मधोमध मेणबत्ती लावलेली गोल पोळीसारखी जाड भाकर होती. पुरुष मंडळी कतारमधल्या विश्वचषकावर बोलत होती: कॅमेरूनशी ३-३, स्वित्झर्लंडकडून २-३, घरी परत. त्याचे वृद्ध काका मला म्हणाले की आमच्या आजोबांच्या वेळी माणसे ‘पेचाल्बा’ला जात, म्हणजे हंगामापुरती परमुलखात गवंडीकाम करायला, आणि हा चेंडू घेऊन गेला एवढाच फरक. मी त्यांना आमच्या कोकणातल्या चाकरमान्यांविषयी सांगितले. पुतण्याने ते त्यांना सर्बियनमध्ये सांगितले तेव्हा त्यांनी माझ्या पेल्यात आणखी ओतले.

नऊवाला आता पस्तीस वर्षांचा होता, रविवारी तिसऱ्या श्रेणीत गावच्या क्लबकडून खेळत होता आणि आठवडाभर मुलांना शिकवत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला मैदानावर घेऊन गेला. गोठलेल्या गवतावर कोणी नव्हते, पण क्लबच्या खोलीत शेगडी पेटलेली होती आणि एक बाप मुलाला घेऊन येऊन बसला होता. मुलगा बारा वर्षांचा, चपळ, डावखुरा. नदीपलीकडच्या मोठ्या क्लबने त्याला बोलावले होते. बापाला घाई होती, तो म्हणत होता की नोंदणीचे पत्र नंतर पाहू, मुलाला आधी जाऊ दे. नऊवाल्याने त्याला बसवून ठेवले. त्याने टेबलाच्या खणातून मुलाची नोंद काढली, तारखा उतरवल्या, सही केली, शिक्का मारला, आणि नव्या क्लबकडून पोहोच आणल्याशिवाय पहिला सामना खेळवू नका असे दोनदा सांगितले. बाप कागदाची घडी घालून तो कोटाच्या खिशात ठेवू लागला. नऊवाल्याने तो त्याच्या हातून परत घेतला, घडी उलगडून टेबलावर तळहाताने सपाट केली, खणातून एक प्लॅस्टिकचे पाकीट काढून त्यात सरकवला, आणि मग तो बापाकडे न देता मुलाच्या हातात दिला.